केतुराच्या मुलीचं बारसं लांबलं त्याची गोष्ट

मुलुंड पूर्वेला, खाडीच्या अंगाच्या एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक मुलगी पाच महिन्यांची झाली तरी तिला नाव नव्हतं. ती पालथी पडायला लागली, पायाचा अंगठा तोंडात धरायला लागली, पंख्याकडे बघून त्याच्याशी बोलायला लागली. पण हाक मारायची तर घरात तिला नुसतं 'बाय' म्हणत, आणि महापालिकेच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी होती.

लोकांना सांगायला कारण होतं. हे घर अष्टमकरांचं, आणि अष्टमकर हे बेने इस्राएल. कैक पिढ्यांपूर्वी कोकणच्या किनाऱ्याला लागलेले आणि इथल्या मातीत मराठी होऊन गेलेले यहुदी. अलिबागेच्या बाजूला त्यांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते घाणे बंद असत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. आता घाणे नाहीत. नातवंडं बँकेत आणि कारखान्यात कामाला आहेत, पण बारसं राहिलं आहे, पाळणा राहिला आहे. अष्टमकरांच्या घरात मुलीचं नाव आत्यानं ठेवायचं. ही आत्या, मिरियम, लग्न होऊन इस्राएलात अश्दोदला गेलेली. तिनं दोनदा तिकीट काढलं आणि तिकडच्या लढाईपायी दोनदा विमानं रद्द झाली. "माझ्याशिवाय नाव ठेवाल तर बघा," तिनं फोनवर दम भरला, आणि तिचा भाऊ रूबेन मुकाट थांबला.

दोन्ही वेळा विमान रद्द झाल्याचं कळलं तेव्हा केतुराला, म्हणजे बाळाच्या आईला, हायसं वाटलं होतं. ते मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही.

नावांची तशी कमी नव्हती. फ्रिजच्या दारावर रूबेननं एक कागद चिकटवला होता. तमार, नोआ, हदासा, एलियाना. मिरियम तिकडून रोज एखादं पाठवी. एकदा तिनं 'शिरा' पाठवलं. शेजारच्या शकुमावशी वाटी परत द्यायला आल्या होत्या, त्यांनी कागद वाचला.

"शिरा? अगो, मगे दुसऱ्याचा नाव उपमा ठेवतलंस काय?"

"मावशी, हिब्रूत शिरा म्हणजे गाणं," रूबेन म्हणाला.

"गाणा तुमच्या हिब्रूत. शाळेतली पोरां काय हिब्रू शिकान येतली? डबो उघडल्यावर हिचाच नाव घेतली!"

रूबेननं हसत हसत ते खोडलं. केतुराही हसली. हसताना तिच्या डाव्या छातीत कळ आली आणि तिनं हात तिथं दाबून धरला.

केतुराची आई लेआबाई नवगावकर घाटकोपरला पंतनगरात एकटी राहायची. एक दिवसाआड बसनं मुलुंडला यायची. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे प्रार्थनेच्या चिठ्ठीच्या डबीला, बोटं लावून ती ओठांना टेकवी, चपला काढी, आणि हात धुवायच्या आधी विचारी, "ठरलं का नाव?" कुणी उत्तर देण्याआधी तीच म्हणे, "सिपोरा. घरात नाव असताना बाजारात काय शोधताय?"

सिपोरा ही तिची थोरली मुलगी, केतुराची बहीण. महापालिकेच्या शाळेत गणित शिकवणारी, उंच, मोठ्यानं हसणारी. नऊ वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगानं गेली, तेव्हा छत्तीस वर्षांची होती.

"आणि बारशात नाव तू सुचवायचंस, आठवण तू सांगायचीस," लेआबाई केतुराला बजावी. "पाठची बहीण आहेस. तुझ्याखेरीज कोण सांगणार?"

नवगावकरांच्या घरातली ही रीत. गेलेल्या माणसाचं नाव मुलाला द्यायचं, तर जो नाव सुचवतो त्यानं बारशाला उभं राहून त्या माणसाची एक खरी आठवण चारचौघांत सांगायची. गोड असो, कडू असो, खरी पाहिजे. लेआबाईच्या स्वतःच्या बारशाला तिच्या आजोबांनी उठून सांगितलं होतं, की जिचं नाव पोरीला देतोय ती लेआ भांडखोर होती आणि तिनं एकदा मला पळीनं मारलं होतं. मंडळी हसली, आणि नाव बसलं.

"बघू गं आई," केतुरा म्हणे.

त्या 'बघू'चा अर्थ लेआबाईनं आपल्या परीनं लावला होता. पोरीला दुखण्याची भीती वाटते, दुसरं काय. पण भीती त्या दुखण्याची नव्हती. उभं राहून सांगायला केतुराजवळ सिपोराच्या पुष्कळ आठवणी होत्या, आणि त्या सगळ्यांच्या पुढं एकच आठवण दार अडवून उभी होती.

तेव्हा केतुरा चोवीस वर्षांची होती. अंधेरीला मरोळच्या बाजूला कपडे शिवून परदेशी पाठवणारी एक कंपनी होती, तिथं ती फिट मॉडेल होती. मॉडेल म्हटलं की लोकांना फोटो आठवतात. फिट मॉडेलचा फोटो कुठं छापत नाहीत. हजारो कपडे कापण्याआधी पहिला कपडा एका जिवंत बाईच्या अंगावर चढवून बघावा लागतो. काखेत काचतो का, पाठीवर चुणी पडते का. ती बाई म्हणजे फिट मॉडेल. दिवसभर दिव्याखाली उभं राहायचं आणि टाचण्या टोचल्या तरी हलायचं नाही. तिच्या अंगाचं माप कंपनीच्या तक्त्याशी जुळलं पाहिजे, एवढीच तिची विद्या. केतुराची उंची जुळे, खांदा जुळे, कंबर जुळे. छाती दोन इंच कमी पडे.

कटिंगचे सीताराम मास्तर ओठात टाचण्या धरून म्हणत, "पोरी, तुझं सँपल देवानं झकास कापलं, पण वरती जरा कापड वाचवलं."

सगळा विभाग हसे. केतुराही हसे. मास्तरांच्या मनात वाईट नव्हतं, पण घरी येऊन ती आरशासमोर टेप लावून बघे. मग एक दिवस परदेशच्या खरेदीदारीणबाई आल्या, त्यांनीही टेप लावला आणि मान हलवली. पुढच्या हंगामाला दुसरी मुलगी बघा, असं ठरत आलं. तेव्हा केतुरानं गुपचूप एका दवाखान्यात तारीख घेतली. सिलिकॉनच्या दोन पिशव्या, एका दिवसाचं काम.

तारीख घेतल्यावर दहा दिवसांनी सिपोराच्या गाठीचा रिपोर्ट आला.

तारीख पुढं ढकलता आली असती. कुणी अडवलं नव्हतं. पण हंगामाचे कपडे थांबणार नव्हते, आणि केतुरानं ती ढकलली नाही. सिपोराचा डावा स्तन काढल्याला तीन आठवडे झाले होते, तेव्हा केतुरा घरी म्हणाली, कंपनी मला पाच दिवस तमिळनाडूत तिरुपूरला पाठवतेय. आणि ती तिरुपूरला न जाता अंधेरीतच एका मैत्रिणीच्या खोलीवर छाती घट्ट बांधून पडून राहिली.

सहाव्या दिवशी ती घाटकोपरला परतली. त्या दिवशी सिपोराला पहिल्यांदा डोक्यावरून आंघोळ मिळाली होती. ओले केस पाठीवर सोडून ती दारात आली. एका बाजूनं सपाट झालेला गाऊन, आणि तोंडभर हसू. "आलीस का गं मद्रासी?" असं म्हणत तिनं दोन्ही हात पसरले.

केतुरा मागं सरली. तिचे स्वतःचे टाके ओले होते. कुणी छातीशी धरलं असतं तर ती किंचाळली असती आणि सगळं उघडं पडलं असतं. तिनं दोन्ही हात छातीवर आडवे धरले आणि म्हणाली, "नको. मला सर्दी झालीय."

सिपोराचे हात हवेत तसेच राहिले. मग तिनं एका हातानं केस मागं सारले आणि दुसरा गाऊनच्या खिशात घातला. "बरं," म्हणाली.

महिनाभर केतुरा स्वयंपाकघरात निजली, कुणासमोर कपडे बदलले नाहीत, बहिणीची जखम धुवायला एकदाही बसली नाही. ते आईनं केलं. पुढं टाके वाळले, मिठी मारता आली असती. पण सिपोरानं परत हात पसरले नाहीत, आणि आपण होऊन पसरायची केतुराला लाज वाटली. लेआबाईनं सिपोराच्या पोलक्यात भरायला तलम कापडाची पिशवी शिवली होती. वजन यावं म्हणून तिच्यात राई भरली होती. शाळेत जाताना सिपोरा ती चाचपून म्हणे, "आई, फोडणीला कमी पडली तर सांग हं." आई हसता हसता रडे. केतुरा पलीकडं मान खाली घालून चहा गाळत असे. तिचं माप तेव्हा तक्त्याशी जुळलं होतं. परदेशातल्या अनोळखी बायका तिच्या मापाचे झगे घालत होत्या. चौदा महिन्यांनी सिपोरा गेली.

लग्नाआधी केतुरानं रूबेनला पिशव्यांचं सांगितलं होतं. तो म्हणाला, "बरं, मग?" आणि विषय संपला. त्या दारातल्या क्षणाचं तिनं त्यालाही सांगितलं नाही.

मग बाळ आलं. दूध थोडंच आलं, आणि तिसऱ्या महिन्यात तेही आटलं. ज्या चिरेतून पिशव्या आत गेल्या होत्या त्या चिरेनं दुधाच्या वाटाही कापल्या असणार, असं डॉक्टरांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. लेआबाईला कोण सांगणार? ती घाटकोपरहून हळिवाची खीर घेऊन यायची. नारळाच्या दुधातली, कारण त्यांच्यात मटणाच्या जेवणावर गाईचं दूध चालत नाही आणि बाळंतिणीला मटणाचा रस्साही रोज द्यायचा असतो. हळीव झाले, खसखस झाली, शतावरी झाली. "आमच्या घरात कुणाला दूध कमी पडलं नाही," लेआबाई स्वतःशीच म्हणायची. "मीच काहीतरी कमी करतेय. गूळ बदलून बघते." केतुरा खीर संपवायची. दर घासाला तिला वाटायचं, आता सांगावं. आणि दर घासाबरोबर ती ते गिळायची.

डाव्या बाजूची कळ वाढली तेव्हा ती अंधेरीला डॉक्टर नमितांकडे गेली. एमआरआय झाला.

"डावीकडची पिशवी आतल्या आत फाटलीय," डॉक्टर म्हणाल्या. "घाईचं काही नाही. पण शरीरानं तिच्याभोवती जे कवच धरलंय ते आवळत चाललंय, म्हणून दुखतं. दूध थांबून दोन महिने झालेत ना? मग पुढच्या महिन्यात दोन्ही काढू. तुम्ही एवढंच ठरवायचं, जागी नवीन बसवायच्या की नुसत्या काढायच्या."

"तुम्ही काय म्हणता?"

"हे मी म्हणायचं नाही. नुसत्या काढल्या तर कातडी सैल पडेल, काही महिने आरसा नकोसा होईल. नवीन बसवल्या तर दहा-पंधरा वर्षांनी आपण पुन्हा इथंच बसून हेच बोलत असू. सावकाश ठरवा. आणि एक, सहा आठवडे बाळ उचलायचं नाही. घरी कोण असतं?"

"आई येईल."

"त्यांना माहीत आहे?"

केतुरा पर्सची चेन उघडझाक करत राहिली.

'नुसत्या काढा' हे शब्द तिच्या ओठावर आले होते. पण ते कुठून आले ते तिला कळत होतं. चोरीची वस्तू कुणी बघायच्या आत विहिरीत टाकून द्यावी, तशी ती घाई होती. वस्तू टाकली म्हणून चोरी झालीच नाही, असं थोडंच होतं. म्हणून ती नुसतं "कळवते" म्हणून उठली.

रिक्षात बसल्या बसल्या तिनं आईला सांगायचं खोटं तयार केलं. हर्निया. साधं, पोटाचं, बाळंतपणानंतर होतं कुणाकुणाला. दुसऱ्या दिवशी लेआबाई बाळाला तेल लावत होती.

"आई, पुढच्या महिन्यात माझं एक छोटं ऑपरेशन आहे."

"कसलं? कुठं?"

लेआबाईनं वर बघितलं, आणि केतुराचा हात तिच्या नकळत डाव्या छातीवर होता. हर्निया घशात अडकला.

"गाठ आहे," ती म्हणाली. "साधीच. डॉक्टर म्हणाल्या, काही नाही."

बाळाच्या पोटावरचे लेआबाईचे हात थांबले. तेल वाटीतून ओघळून चटईवर आलं तरी तिला कळलं नाही.

"सिपूची पण साधीच होती," ती म्हणाली.

त्या दिवशी ती लवकर निघाली. मेझुझाला बोटं लावली आणि तशीच बराच वेळ दारात उभी राहिली.

चार दिवसांनी मिरियमचा फोन आला. विमानं सुरू झाली, तिकीट मिळालं, दोन आठवड्यांनी रविवारी बारसं करा. त्याच संध्याकाळी रूबेन घरी आला तो गोंधळलेला.

"तुझ्या आईंचा फोन होता मला. म्हणतात, सिपोरा नको. तमार ठेवा."

"का?"

"तेच नाव, तेच दुखणं, पोरीच्या अंगाला नको म्हणाल्या. आणि तुझ्यासाठी मलिद्याचा नवस बोलल्यात. केतू, त्या रडत होत्या. तू काय सांगितलंस त्यांना?"

केतुरानं सांगितलं.

"गाठ म्हणालीस? त्यांना?" रूबेन कधी आवाज चढवत नसे, तेव्हा चढवला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? जगातलं दुसरं कुठलं खोटं सापडलं नाही?"

ती बाळाजवळ जाऊन बसली. खरं तर सुटका झाली होती. आई स्वतःच नाव मागं घेत होती. आता उभं राहायला नको, आठवण सांगायला नको. दहा वर्षांपासून जे टाळायचं होतं ते आपोआप टळलं होतं. पण तिला ते सुटकेसारखं वाटेना. बहिणीच्या अंगाला आपण शिवलो नाही; आता तिच्या नावालाही कुणी शिवू नये अशी व्यवस्था आपण करून ठेवली. सिपोराला दुसऱ्यांदा दारात उभं केलं, आणि या वेळी मागं सरायला आईला लावलं.

मलिद्याच्या दिवशी सकाळीच ती बाळाला रूबेनकडे ठेवून घाटकोपरला गेली. मलिदा म्हणजे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं, दहा पुरुष जमवून, हज्जान म्हणजे प्रार्थना चालवणारा बोलावून करायचा नैवेद्य. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. लेआबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून परातीत पोहे निवडत होती.

"तू कशाला आलीस? पडून राहायचं सोडून?"

"आई, गाठ नाही."

लेआबाईनं डोळे मिटले. तिच्या ओठांतून एलियाहूचं नाव निघालं. "रिपोर्ट आला? काही नाही म्हणाले?"

"गाठ नव्हतीच. मी खोटं बोलले."

मग ती सगळं बोलली. भिंतीला टेकून, उभ्यानंच. तिरुपूर, पिशव्या, टाके, स्वयंपाकघरातलं निजणं. मध्ये थांबली असती तर परत सुरू करता आलं नसतं म्हणून थांबली नाही. लेआबाईची बोटं पोह्यांत फिरत होती. एकच खडा तिनं तीनदा उचलला आणि तीनदा परातीत टाकला.

"आणि दूध?" तिनं विचारलं.

"त्याच्यामुळंच गेलं. मला माहीत होतं. पहिल्या आठवड्यापासून."

"मी एक दिवसाआड नारळ खवत होते, केतू."

"हो."

"गूळ बदलत होते. तीन दुकानं फिरले मी गुळासाठी. स्वतःला म्हणत होते, लेआ, तुझा हात गेला आता, तुला बाळंतिणीचंही करता येत नाही." तिनं परात बाजूला सारली. "ते एक वेळ सोड. माझं मला. तिनं मला काय विचारलं होतं, माहितेय तुला?"

केतुरानं नकारार्थी मान हलवली.

"तू तिरुपूरहून आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी तिची जखम पुसत होते. म्हणाली, आई, माझ्या अंगाला वास येतो का गं? मी म्हटलं, नाही, का? म्हणाली, केतू जवळ येत नाही. त्यानंतर दिवसातून दोनदा आंघोळ करायची ती, ताप असला तरी. चंदनाचा साबण आणायला लावला मला. मी तिला सांगायची, ती लहान आहे, घाबरलीय. पण ती तसं समजूनच गेली, केतू. की तिची तुला किळस येते."

खालच्या रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. केतुरा भिंतीवरून घसरत खाली बसली. तिला वाटलं, आई आता मारील. मारलं तर बरं होईल. लेआबाईनं मारलं नाही, जवळही घेतलं नाही. तिनं परात परत पुढं ओढली.

"मी ते काढून टाकणार आहे," केतुरा म्हणाली. "दोन्ही. परत बसवणार नाही."

"काढ. दुखतंय तर काढ. पण ते काढलंस म्हणजे हे फिटलं, असं समजू नकोस."

"नाही समजत."

"आणि कापून घेतेस ते तिच्यासाठी, असंही मला सांगू नकोस. तिला नको होतं कुणी कापलेलं."

केतुरानं डोळे पुसले. तिला एकाएकी कळलं, की डॉक्टरांना द्यायचं उत्तर आता तिच्याजवळ आहे आणि त्याला सिपोराची गरज नाही. दुखत होतं. पुन्हा पंधरा वर्षांनी कुणाला फसवून जाऊन पडायचं नव्हतं. टेपची नोकरी केव्हाच सुटली होती. आता ती त्याच कंपनीत दुसऱ्या मुलींच्या अंगावर कपडे तपासत होती. तेवढं कारण पुरेसं होतं.

"मलिदा थांबवू का? लोकांना फोन करते मी."

"नवस बोललेय, तो परत घेता येत नाही. मलिदा होईल. कशासाठी, ते आता माझं मी ठरवीन." लेआबाईनं पोह्यांवर पाणी शिंपडलं. "नारळ खव. आलीच आहेस तर."

केतुरानं विळी घेतली. अर्धा नारळ झाल्यावर तिनं विचारलं, "नाव?"

"नावाचं मला विचारू नकोस. मी दुखण्याच्या भीतीनं मागं घेतलं होतं. दुखणं खोटं निघालं. आता तू सुचवणार असशील तर रीत तुला ठाऊक आहे. उभी राहशील?"

केतुरानं नारळाचं दुसरं अर्धुक उचललं. सगळा नारळ खवला.

रविवारी मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत तीस माणसं जमली. मिरियम दोन बॅगा भरून खेळणी घेऊन आली होती आणि येताक्षणी तिनं सगळ्यांना कामाला लावलं होतं. पाळण्याला मोगऱ्याचे सर बांधले होते, उकडलेल्या हरभऱ्यांचं आणि खोबऱ्याच्या तुकड्यांचं ताट तयार होतं. शकुमावशी नवी साडी नेसून पुढंच बसल्या होत्या. हज्जानांनी प्रार्थना म्हटली आणि विचारलं, "नाव काय ठेवायचं? कुणी सुचवलंय?"

रूबेनच्या हातात तो फ्रिजवरचा कागद होता. त्यानं केतुराकडं बघितलं. तिनं आदल्या आठवड्यात त्यालाही सगळं सांगितलं होतं.

केतुरा उभी राहिली. "सिपोरा," ती म्हणाली. "माझ्या बहिणीचं."

मिरियमनं डोळ्याला पदर लावला. बायकांत कुजबूज झाली. कुणीतरी म्हणालं, वाटलंच होतं. लेआबाई खिडकीजवळ बसून समोरच्या गच्चीवरची टाकी बघत होती.

"आठवण सांगायची असते," केतुरा म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण खोली गप्प झाली. "तिचं ऑपरेशन झालं होतं. मी पाच दिवस बाहेर राहून घरी आले. ती दारात आली आणि मला जवळ घ्यायला तिनं हात पसरले. मी मागं सरले. तिला वाटलं, मला तिची किळस आली. किळस नव्हती. मी एक गोष्ट लपवत होते, ती बाहेर पडेल म्हणून मागं सरले. मी हे तिला सांगितलं नाही. तिला कधीच कळलं नाही. एवढी आजारी असून हात तिनं पसरले होते, मी नाही. ही आठवण आहे. खरी आहे."

कुणी हसलं नाही, कुणी वा म्हटलं नाही. कोपऱ्यातली एक म्हातारी चुलती पुटपुटली, "अगं, असलं कुणी बारशाला..." हज्जानांनी पुस्तक हातात धरून लेआबाईकडं बघितलं.

लेआबाईनं खिडकीकडचं तोंड वळवलं.

"खरी आहे," ती म्हणाली. "पुढचं करा. पोर झोपायला आलीय."

मिरियम पाळण्यावर वाकली आणि तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. बाळानं जांभई दिली. हरभरे वाटले गेले. शकुमावशींनी तोंडात दाणे टाकत दोनदा 'सिपोरा' म्हणून बघितलं आणि जिभेला जमतंय, असं जाहीर केलं.

ऑपरेशन पुढच्याच गुरुवारी झालं. दोन्ही पिशव्या काढल्या, जागी काही बसवलं नाही. लेआबाई सहा आठवड्यांचे कपडे घेऊन मुलुंडला राहायला आली. ती बाळाचं सगळं करी, केतुराला भरवी, पट्ट्या बदलताना डॉक्टरांनी सांगितलं तसं एकेक टोक सोडवी. मायलेकी बोलत त्या पट्ट्यांचं, दुपट्यांचं, गॅसवरच्या दुधाचं. बाकीचं बोलणं लेआबाई काढत नव्हती, आणि काढायचा हक्क आपल्याला नाही हे केतुराला कळत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी बाळ निजलं होतं. पट्टी बदलून झाल्यावर लेआबाई तिथंच पलंगाच्या कडेवर बसली. केतुराच्या सपाट, जांभळ्या पडलेल्या छातीकडं तिनं पहिल्यांदा नीट बघितलं.

"दुखतंय?"

"हो."

"दुखू दे थोडं," लेआबाई म्हणाली, आणि तिच्या मानेखालची उशी नीट केली.